वाचकांचे प्रश्न: पोर्टा निग्रा कशी पाहावी?

प्रश्न: जर्मनीतल्या ट्रियरमध्ये आमच्या हाताशी जेमतेम अर्धा दिवस आहे. पोर्टा निग्रा ही रोमन वेस बाहेरून पाहिली तर चालेल का? फोटोंत भिंतीवर जागोजागी भोकं दिसतात, ती तोफगोळ्यांची आहेत का?

उत्तर: तोफांची नव्हेत, छिन्नीची. वालुकाश्माचे हे चिरे चुन्याशिवाय रचलेले आहेत. शेजारचे दोन चिरे लोखंडी आकड्याने जखडायचे आणि खाचेत वितळलेलं शिसं ओतायचं, अशी ती पद्धत. मध्ययुगात दोन्ही धातूंना मोल होतं, म्हणून लोकांनी सांधे फोडून आकडे उपटून नेले. भोकं नेमकी सांध्यांपाशी सापडतात ती त्यामुळेच. आकडे गेले तरी वेस ढासळली नाही, कारण चिरे आपल्याच वजनाने घट्ट बसलेत. काहींचं वजन सहा टनांपर्यंत भरतं.

बाहेरून पाहून मात्र परतू नका. आधी उत्तरेच्या, म्हणजे शहराबाहेरच्या अंगाने या. अर्धखांब ओबडधोबड दिसतात ते झिजून नव्हे. घडाई अर्धवटच राहिली. दारांच्या बिजागरीसाठी भोकं पाडली, पण आजूबाजूचा दगड तासायचा राहून गेला, त्यामुळे फिरती दारं कधी बसलीच नसावीत. पुढे दोन कमानींमागे चौक लागतो. शत्रू इथवर घुसला की चारही बाजूंच्या खिडक्यांतून त्याच्यावर मारा करायचा, असा बेत होता. चौकात उभं राहून वर पाहिलं की तो लगेच ध्यानात येतो.

मग तिकीट काढून वर चढा. सिमिऑन नावाच्या ग्रीक साधूने इथे स्वतःला कोंडून घेतलं आणि 1035 मध्ये तो वारला. त्याच्या स्मरणार्थ वेशीचंच चर्च झालं. शहराच्या बाकीच्या रोमन वेशी दगडांसाठी मोडल्या गेल्या, ही वाचली ती या चर्चमुळे. 1804 मध्ये नेपोलियनने चर्चचं बांधकाम पाडण्याचा हुकूम दिला. तरी पूर्वेकडचा अर्धगोल भाग अजून उभा आहे. वरच्या मजल्यांवर रोमन चिऱ्यांतच कोरलेली चर्चच्या काळातली शिल्पंही आहेत. घाईत तीच हमखास नजरेतून सुटतात.

प्रश्न: गुडघे दुखतात. वर जाणं जमेल?

उत्तर: लिफ्ट नाही आणि जिने अरुंद आहेत. खालचे खांब, कमानी आणि सांध्यांवरची भोकं न चढताही नीट पाहता येतात. हिवाळ्यात वेस लवकर बंद होते, तेव्हा वर जाणाऱ्यांनी दुपारनंतरची वेळ ठेवू नये.