मशीन झाकलेलं आणि फोन उचलवत नाही

घरी राहून शिवणकाम, डबे, शिकवण्या करणाऱ्या बायका माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा प्रश्न बहुतेक एकच असतो : "घरालाही पुरी पडत नाही, गिऱ्हाइकालाही नाही. मीच कमी पडतेय का?" त्यासाठी साताऱ्याकडच्या एका ताईंची हकिकत सांगते. त्यांची संमती आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई मशीनवर गोधड्या शिवून देतात. लोक घरातली जुनी लुगडी, मऊ झालेल्या सुती साड्या आणून देतात. त्यांचे थर अंथरायला खोली मोकळी लागते, टाके घालून ते पक्के करावे लागतात, मग जाड सुईने उभ्या टिपा. थंडीच्या तोंडावर कामाची गर्दी असते, आणि नेमकं तेव्हाच घराचं काम निघालं. जुनी शहाबादी उखडली, गिलावा काढला, सगळं सामान एका खोलीत कोंबलं. फरशी कापतानाची धूळ कापडात बसते, तेल दिलेल्या मशीनमध्ये चिकटून राहते. त्यामुळे मशीन झाकून ठेवावं लागलं. शिवाय गवंड्यांचा चहा, मुलाची दहावी, सासूबाईंचं पथ्यपाणी.

"फोन वाजला की पोटात गोळा येतो," ताई म्हणाल्या. म्हणून त्यांनी फोन उचलणंच सोडलं होतं.

हे वेळापत्रक आखून सुटणारं नव्हतं. एका बाईने वारलेल्या आईचं नऊवारी दिलं होतं, दुसरीला लेकीच्या बाळंतपणाआधी दुपटी हवी होती. असं कापड घरात पडून राहिलं की उशीर झाला एवढंच वाटत नाही, आपण कुणाचा तरी विश्वास मोडला असं वाटायला लागतं. फोन टाळला की तेवढ्यापुरतं सुटल्यासारखं होतं, आणि त्यामुळेच पुढचा फोन आणखी भीतीदायक होतो. चिंतेचं हे चक्र मी फार वेळा पाहते.

काय बोलायचं ते आम्ही आधी कागदावर लिहिलं, मग मोठ्याने म्हणून पाहिलं : "काकू, घराचं काम चाललंय, धुळीमुळे मशीन बंद आहे. तुमचं लुगडं पेटीत नीट ठेवलंय. फरशी झाली की आधी तुमचंच घेते. थांबता येत नसेल तर कापड तसंच परत देते." माफी एकदाच मागायची, कारण एकदाच सांगायचं. पहिला फोन त्यांनी माझ्यासमोर केला. बहुतेकांनी ऐकून घेतलं. दुपटीवालीने कापड परत नेलं. त्या दिवशी ताई खूप रडल्या, पण रात्री झोपल्या.

खरी गाठ मात्र पुढच्या भेटीत सापडली. मी सहज विचारलं, नव्या घरात मशीन कुठे असणार? ताई गप्प झाल्या. नकाशात देवघर होतं, मुलाचं टेबल होतं, टीव्हीची भिंत होती. मशीनला जागाच नव्हती. फरशीचा ॲडव्हान्स शिलाईच्या पैशातून गेला होता, हे बोलण्याच्या ओघात कळलं!

नवऱ्यालाही बोलावलं. माणूस वाईट नव्हता. "ठेवू की कुठंतरी" हे त्याला उत्तर वाटत होतं. वर्षभरात ताईंनी काय कमावलं ते वहीत लिहून आणायला सांगितलं होतं. त्याने ती वही वाचली आणि वायरिंग भिंतीत बुजण्याआधी खिडकीजवळ मशीनसाठी विजेचा एक पॉइंट काढून घेतला. स्वतःला दोष देणाऱ्या प्रत्येकीला मी म्हणूनच आधी विचारते : तुमच्या कामाला घरात जागा आणि ठरलेली वेळ आहे का? नसेल, तर कमी पडताय त्या तुम्ही नाही.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर मात्र डॉक्टरांना भेटा. 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. जगणंच नको वाटू लागलं, तर एक दिवसही थांबू नका.

ताईंचं मशीन आता खिडकीपाशी सुरू आहे. टीप चालू असताना सासूबाई हाका मारतात, आणि ताई अजूनही प्रत्येक हाकेला उठतात. सध्या आम्ही त्यावर बोलतोय.