अँजेलो द फोन्सेका यांची चित्रं बेळगावहून कुठं बघायला जाता येईल?

पर्वरीला जा. चोर्ला घाट उतरून पणजीच्या अलीकडेच, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. तिथल्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चकडे त्यांचा मोठा संग्रह आहे. आधी फोन करा, सगळी चित्रं कायम भिंतीवर असतीलच असं नाही.

जन्म गोव्यातला, १९०२चा, शिक्षण शांतिनिकेतनात. त्यांनी मेरीला साडी नेसवली, कपाळाला कुंकू लावलं. गोव्यातल्या चर्चच्या मंडळींना ते रुचलं नाही, मग पुण्यातल्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आले. १९६७ साली पुण्यातच वारले. ‘ख्रिस्ती चित्रकार’ असा शिक्का बसल्यानं आधुनिक चित्रकलेच्या चर्चेत ते मागे पडले, असं माझं मत. (मुंबईच्या चित्रकारांच्या गटांत नसणाऱ्यांची तशीही आठवण कोण काढतंय!) जलरंगातल्या मेरीपुढं मात्र निवांत थांबा.