राजगड एका दिवसात : तयारी उतरणीची करावी

आपण दोघेही पन्नाशीच्या आसपासचे आहात, रोज सकाळी ४ किलोमीटर सपाटीवर चालता, आणि डिसेंबरमध्ये पुण्याहून पहाटे निघून राजगड एका दिवसात करण्याची इच्छा आहे; ते जमेल का, आणि जमले तरी सारा दिवस धापा टाकण्यातच जाणार नाही ना, असे आपण विचारले आहे. जमेल, आणि गड पाहण्याचा आनंदही मिळेल. मात्र आपल्या प्रश्नात चढाईचीच काळजी दिसते, आणि गेल्या २० वर्षांत मी ज्यांना डोंगरात अडचणीत आलेले पाहिले, त्यांतील बहुतेक जण उतरताना किंवा उशीर झाल्यामुळे अडकले होते. म्हणून माझे उत्तर मुख्यतः या दोन गोष्टींबद्दल आहे.

चढताना दम लागतो, पण दोन मिनिटे उभे राहिले की तो ओसरतो. गुडघ्याचे तसे नाही. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा सगळा भार तोलून धरत असतो, आणि सपाटीवर कितीही चाललो तरी त्याला या कामाची सवय होत नाही. त्यामुळे हाताशी ६ आठवडे असतील, तर रोजच्या फेरीतील ३ दिवस जिन्यासाठी द्यावेत. पर्वतीच्या १०३ पायऱ्या त्यासाठी उत्तम. ३ वेळा चढावे आणि प्रत्येक वेळी चढण्यापेक्षा सावकाश उतरावे. उतरताना आपल्या पावलाचा आवाज ऐकावा. पाऊल धप्पकन पडत असेल, तर भार गुडघ्यावर आणि टाचेवर आदळतो आहे. गुडघा किंचित वाकवून पाऊल अलगद टेकवले की आवाज बंद होतो आणि मांडी कामाला लागते. शेवटच्या दोन रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढावा आणि पायीच उतरावा. वर गेल्यावर पिठले-भाकरी खाऊन जीपने खाली येण्याचा मोह होतो, पण तसे केले तर सरावाचा महत्त्वाचा अर्धा भाग राहून जातो. आपल्यापैकी कोणाला रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा गुडघ्याचा जुना त्रास असेल, तर हे सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

आता वेळ. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला एक हिशेब अजूनही उपयोगी पडतो : अंतराच्या दर ५ किलोमीटरला १ तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी १ तास. गुंजवणे गावातून पद्मावती माचीपर्यंतचा (माची म्हणजे बालेकिल्ल्याखालची तटबंदीची सपाटी) चढ साधारण ६०० मीटरचा आहे, म्हणजे अंतर धरून या हिशेबाने पावणेदोन तासांच्या आत पोहोचायला हवे. पण हा हिशेब थंड हवेतील, सरावलेल्या माणसाचा आहे. आपल्याकडचे ऊन, पाठीवरचे पाणी आणि मध्ये मध्ये बसणे धरून अडीच ते तीन तास मोजावेत. उतरायलाही जवळजवळ तितकाच वेळ लागतो, हे नवख्यांना खरे वाटत नाही. डिसेंबरमध्ये ६ च्या सुमारास सूर्य मावळतो. तेथून उलटे मोजले, तर दुपारी अडीचला गड सोडलाच पाहिजे. ही वेळ घरून निघतानाच ठरवावी, कारण गडावर गेल्यावर ती पुढे ढकलावीशी वाटतेच.

मी स्वतः ती एकदा ढकलली होती. संजीवनी माचीच्या टोकाला आम्ही चौघे रेंगाळलो आणि गुंजवण्याच्या वाटेवरील चोर दरवाजाशी पोहोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. तेथील कातळटप्प्यावर रेलिंग असले तरी तो उभा आहे, समोरून मुक्कामासाठी निघालेली मंडळी चढून येत होती, आणि एका वेळी एकच जण जाऊ शकेल इतकी ती जागा अरुंद. खालच्या झाडीत शिरेपर्यंत अंधार पडला आणि चौघांत मिळून बॅटरी एकच निघाली. पुढचा माणूस उजेड टाकी, मागे वळून आम्हाला वाट दाखवी, मग पुन्हा दहा पावले पुढे. एका तासाच्या वाटेला अडीच तास लागले. तेव्हापासून माझ्या पिशवीत डोक्याला बांधायची बॅटरी असते, पहाटे निघून दुपारी परतायचे असले तरीही.

याच कारणासाठी आपण गुंजवण्याऐवजी पाली गावाकडून जावे, असे मी सुचवीन. पाली दरवाजाची वाट हा गडाचा राजमार्ग. ती रुंद आहे, वरच्या टप्प्यात पायऱ्या आहेत, आणि उतरताना पाऊल ठेवायला जागा मिळते. चोर दरवाजा अधिक रोमांचक आहे हे खरे, पण तो दुसऱ्या खेपेसाठी ठेवावा.

एका दिवसात पूर्ण राजगड पाहता येत नाही, हे आधीच मान्य केले की मन शांत होते. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि मध्ये उंच बालेकिल्ला. यांतील पद्मावतीबरोबर आणखी एकच जागा निवडावी. बालेकिल्ल्याचा चढ छोटा पण उभा आहे आणि सुट्टीच्या दिवशी तेथे रांग लागते. माझी निवड विचाराल तर संजीवनी माची. तेथील तट दुहेरी आहे, बुरुजाला बाहेरून दुसऱ्या बुरुजाचे कवच घातलेले आहे. त्या चिलखती बुरुजांच्या मधल्या अरुंद फटीत उभे राहिले, की दिसणाऱ्या भिंतीआड आणखी एक लढाऊ भिंत उभी करण्यामागची बुद्धी ध्यानात येते. पलीकडे तोरणा समोर दिसतो. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत राजगड आहे. गर्दी वाढली आहे, त्यामुळे शक्य असल्यास शनिवार-रविवार टाळावा.

सामानाबद्दल थोडक्यात. प्रत्येकी ३ लिटर पाणी, त्यातील एका बाटलीत लिंबू, मीठ आणि साखर. गडावरील टाक्यांच्या पाण्यावर विसंबू नये. खाण्यास गूळ-शेंगदाणे, थालीपीठ, संत्री. चॉकलेट उन्हात वितळते आणि तहान वाढवते. बूट नवे घेणार असाल, तर ते सरावाच्या ६ आठवड्यांतच घालून रुळवावेत. निघण्यापूर्वी दोन दिवस आधी पायाची नखे कापावीत, आणि उतरण्यास सुरुवात करण्यापूर्वी एका दगडावर बसून नाडी नव्याने बांधावी : टाच मागे दाबून बसवायची, बोटांकडे नाडी सैल ठेवायची आणि घोट्यापाशी घट्ट आवळायची. असे न केल्यास उतारावर पाऊल बुटात पुढे सरकत राहते आणि अंगठ्याचे नख काळे पडते. माझे दोनदा पडले आहे. ते गळून नवे येण्यास कित्येक महिने जातात.

सुवेळा माचीकडे वळलात, तर नेढ्याच्या (खडकातील आरपार भोकाच्या) परिसरात आग्या मोहोळाची शक्यता ध्यानात ठेवावी. अत्तर लावून जाऊ नये, आरडाओरडा आणि धूर तर मुळीच नको. माश्या उठल्याच तर हात झटकत उभे न राहता चेहरा झाकून तेथून दूर जावे.

शेवटी परतीच्या गाडीबद्दल, कारण हे कोणी सांगत नाही. खाली आल्यावर मांड्या थरथरत असतात आणि क्लच दाबताना पाय साथ देत नाही. गावात अर्धा तास बसावे, चहा घ्यावा, बूट काढून चपला घालाव्यात. आपल्यापैकी जो कमी दमला असेल, त्याने गाडी हातात घ्यावी. दोघेही सारखेच दमला असाल, तर नसरापूर फाट्यापर्यंत सावकाश येऊन महामार्गाला लागण्यापूर्वी पुन्हा एकदा थांबावे.