बी.ए. झालीस, आता हाताला काम

चि. बाळ हिस अनेक आशीर्वाद,

पत्र मिळालं. उद्यमनगरात लेथ चालवणाऱ्या भावाला कुणी काही विचारत नाही आणि इतिहासात पहिली आलेल्या तुला मात्र ज्याला-त्याला "पुढं काय?" विचारायचं असतं, याचा राग आलाय. रास्त आहे. पण त्याचं काम चार माणसांना डोळ्यांनी दिसतं. तुझंही दिसेल असं काहीतरी हाताशी धर.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्याकडं कोल्हापुरात सुरू झालंय, सहा जिल्ह्यांसाठी. खालच्या कोर्टातले दावे, साक्षी, पंचनामे बहुतेक मराठीत आणि उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत. म्हणजे अपील आलं की भाषांतराचा गठ्ठा आलाच. 'कब्जा' आणि 'मालकी' यांतला फरक कळणारं आणि सांगितल्या दिवशी कागद हातात देणारं माणूस वकिलांना हवंच असतं. सुरुवातीला पैसे बेताचेच मिळतील, हेही ऐकून ठेव.

पण तू इतिहासाची, म्हणून माझा खरा आग्रह मोडी लिपीचा. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सरकारी दप्तरं उघडली, तेव्हा मोडी वाचणारे हुडकावे लागले. सनदा, वाटणीपत्रं, इनामाचे कागद घेऊन लोक आजही हिंडतात. लिपी पंधरवड्यात ओळखीची होते. घाम फुटतो तो पुढं. आधी आडवी रेघ ओढलेली, तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता लिहिलेलं, दोन शब्दांत जागा सोडायची पद्धतच नाही. वर सन 'अर्बा मया व अलफ'. अरबीत चार, शंभर आणि हजार, म्हणजे जुन्या कागदांवर असायचा तो शुहूर सन ११०४. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७०३, ताराराणींच्या अमदानीतला कागद. हा सन मृगाला बदलतो, म्हणून कागद जानेवारीतला असेल तर ६०० मिळवायचे. हे बी.एस्सी.वाल्याला कुणी शिकवत नाही. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, चौकशी कर.

स्पर्धा परीक्षेला माझा विरोध नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीय, तुझ्यासारख्या लिहित्या हाताला ते बरंच. फक्त किती वर्षं देणार ते घरात आधीच सांगून टाक. अभ्यासिकेत बसलं की वर्षं कळत नाहीत. बी.एड. मात्र शिकवायची हौस असेल तरच. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडं डोळे लावून बसलेले माझेच कितीतरी विद्यार्थी आहेत.

सोबत एका जुन्या निकालाची दोन पानं पाठवतोय. इंग्रजी करून रविवारी घेऊन ये. शब्दकोश खुशाल बघ. मोबाइलकडून करून घेतलंस तर जमीन कसणाऱ्या 'कुळा'चं घराणं होऊन बसेल आणि मला लगेच कळेल.

तुझे,
सर