घराविषयी वाचकांचे प्रश्न: मातीची भिंत आणि आपला पाऊस

प्रश्न: सत्तरी तालुक्यात आमची वडिलोपार्जित जागा आहे. तेथे लाकूड, पेंढा, माती आणि चुना एवढ्याच साहित्यातून दोन खोल्यांचे घर बांधावे, अशी आम्हा पतिपत्नींची इच्छा आहे. परदेशात पेंढ्याच्या गठ्ठ्यांची घरे बांधतात, त्यांची छायाचित्रे आम्ही पाहिली आहेत. शेजारी मात्र म्हणतात की पहिल्याच पावसात भिंत ओहोळाला मिळेल. गोव्यात असे घर टिकेल का?
– एक वाचक, वाळपई

उत्तर: टिकेल, पण छायाचित्रातले घर जसेच्या तसे उचलून आणले, तर शेजाऱ्यांचे म्हणणे खरे ठरेल. गठ्ठे रचून भिंत उभारण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील नेब्रास्का येथे रुजली. तेथे लाकूड दुर्मिळ होते, हवा कोरडी होती आणि गवताचे गठ्ठे बांधणारी यंत्रे नुकतीच आली होती. गठ्ठ्यातील ओलावा २० टक्क्यांच्या वर जाऊन तेथेच रेंगाळला, तर आतून कुजणे सुरू होते. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, सत्तरीच्या डोंगरपट्ट्यात त्याहूनही अधिक, आणि श्रावणात कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते. अशा हवेत गठ्ठ्यांच्या भिंतीचा सल्ला मी देणार नाही.

पेंढा मातीत कालवून वापरावा. तेथे तो भार पेलत नाही. माती वाळताना आकसते आणि तडकू पाहते, तेव्हा तिला धरून ठेवण्याचे काम करतो. पेंढा शक्यतो वायंगणाचा, म्हणजे उन्हाळी भाताचा घ्यावा. सरदाचे, म्हणजे पावसाळी भात कापणीला येते तेव्हा परतीचा पाऊस अजून डोक्यावर असतो, त्यामुळे तो पेंढा पुष्कळदा शेतातच भिजतो. वायंगणाचा मात्र उन्हाळ्याच्या तोंडावर कडकडीत वाळलेला मिळतो. तो कोरड्या जागी ठेवून पुढच्या हंगामात वापरता येतो. मळणीयंत्रातून चुरा होऊन निघालेल्या पेंढ्यापेक्षा हाताने झोडलेला लांब पेंढा कधीही चांगला.

मातीची परीक्षा घरच्या घरी होते. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून बरणी जोरात हलवावी व ओट्यावर ठेवून द्यावी. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, तिच्यावर काही तासांत गाळ बसतो आणि चिकणमाती खाली येण्यास एक दिवस किंवा अधिक लागतो. चिकणमाती साधारण पाचवा ते चौथा हिस्सा भरली, तर काम होण्यासारखे आहे. ती फार असेल तर वाळू मिसळावी. त्यानंतर पेंढ्याचे प्रमाण कमीअधिक ठेवून चार-पाच विटा पाडाव्यात, सावलीत वाळवाव्यात आणि ज्या विटेला तडे जात नाहीत ते प्रमाण धरावे. पुस्तकातले प्रमाण तुमच्या जागेतल्या मातीला माहीत नसते.

आता मुख्य मुद्दा. पाऊस भिंतीपर्यंत पोहोचूच न देणे, हे या घराचे अर्धे काम आहे. लाकडाच्या सांगाड्याचा मोठा फायदा येथे होतो: खांब, तुळया, वासे आणि रिपा उभ्या करून मंगळुरी कौले आधी चढवता येतात आणि मातीची भिंत त्या छपराच्या आडोशाला सावकाश भरता येते. पागोळ्या भिंतीपासून किमान तीन फूट दूर पडतील एवढे छप्पर बाहेर काढावे. खाली जांभ्या दगडाच्या चिऱ्याचे जोते दोन-अडीच फूट उंच असावे. येथे एक गैरसमज दूर करतो: चिरा स्वतः सच्छिद्र असतो आणि जमिनीतली ओल वर ओढतो. म्हणून जोत्याच्या माथ्यावर ओल अडवणारा थर घातल्याशिवाय मातीचा पहिला थर ठेवू नये. वाळवीचा रस्ताही बहुधा याच सांध्यातून जातो.

खांबांसाठी किंदळ, माट किंवा जुन्या फणसाचा गाभा वापरावा, बाहेरचे पांढरे लाकूड टाळावे. स्वतःच्या जागेतले झाड तोडायचे असले, तरी १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली आधी परवानगी घ्यावी लागते, हे लक्षात ठेवावे.

भिंत दीड फूट जाडीची धरावी. एका वेळी दीड फुटापेक्षा अधिक उंचीचा थर घालू नये आणि तो आवळून आल्याखेरीज वर चढू नये. दिवाळीनंतर काम सुरू केले, तर भिंती फेब्रुवारीपर्यंत भरून होतात आणि मार्चअखेर चुन्याचा गिलावा आटोपता येतो. यात घाई झालेली घरे जूनमध्ये ओळखू येतात.

प्रश्न: आमच्या जुन्या घराच्या मातीच्या भिंतीचा पोपडा पडत आहे. गवंडी सिमेंटचा गिलावा सुचवतो, थोरले दीर चुन्याचा आग्रह धरतात. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: भावोजींचे ऐकावे. आमच्या स्वतःच्या घराच्या नैर्ऋत्येकडील भिंतीला एका उन्हाळ्यात आम्ही सिमेंट लावून घेतले. पहिल्या वर्षी ती गुळगुळीत भिंत पाहून आम्हीच खूश होतो. दुसऱ्या पावसाळ्यानंतर बोटाने वाजवली, तर रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. गिलाव्याचा ताटाएवढा तुकडा हाताने निघाला आणि मागची माती मळलेल्या कणकेसारखी ओली होती. बारीक भेगेतून आत गेलेले पाणी सिमेंटने बाहेर येऊ दिले नव्हते. चुन्याचा थर भिंतीतली ओल वाफेच्या रूपाने बाहेर जाऊ देतो, त्यामुळे भिंत पावसाळ्यानंतर पुन्हा सुकते.

चुन्याला मात्र वेळ द्यावा लागतो. दगड किंवा शिंपले सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजले की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरवला की भिजवलेला चुना होतो आणि भिंतीवर लावल्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. कळी विरवताना ती पाण्यात टाकावी, कळीवर पाणी ओतू नये. पाणी उकळून उसळते, म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे असल्याशिवाय जवळ जाऊ नये, आणि मुलांना तर अंगणातही येऊ देऊ नये. विरवलेला चुना पाण्याखाली काही आठवडे मुरू द्यावा. उघड्या राहिलेल्या जुन्या पिशवीतील चुना हवेने आधीच मेलेला असतो, तो सफेदीपुरताच.

पोपडे काढून भिंत खरवडावी, पाणी शिंपडावे आणि आधी पेंढामिश्रित मातीने खड्डे भरावेत. ते वाळल्यावर एक भाग चुना व तीन भाग धुतलेली नदीची वाळू यांचे दोन पातळ हात द्यावेत. पावसाचा मारा असलेल्या बाजूला कमी भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी मिसळल्यास थर ओलाव्यातही आवळतो. गिलावा आठवडाभर गोणपाटाखाली ओलसर ठेवावा. उन्हात भरभर वाळलेला चुना भुसभुशीत होतो. आणि पावसाळ्यात त्या भिंतीवर चुडतांची मल्ले, म्हणजे नारळाच्या झावळ्या विणून केलेले झाप बांधण्याची जुनी रीत सोडू नये. ती दिसायला गरीब वाटते, पण काम करते.

प्रश्न: मातीच्या घराला पंचायतीचा परवाना लागतो का? आणि आमची जागा खाजनाला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारट शेतजमिनीला लागून आहे, तिथलीच माती वापरली तर चालेल का?
– एक वाचक, तिसवाडी

उत्तर: परवाना लागतो, भिंत मातीची आहे म्हणून तो चुकत नाही. जमिनीची सनद (जमीन घरासाठी वापरण्याची सरकारी मंजुरी) आणि अभियंत्याने सही केलेले नकाशे इतर घरांप्रमाणेच द्यावे लागतात. अभियंता कचरत असेल, तर मातीच्या इमारतींच्या भूकंपरोधाविषयी भारतीय मानक १३८२७ आहे, ते १९९३ सालचे असून त्यांना दाखवता येईल.

खाजनातली माती मात्र वापरू नये. ती चिकट आणि मऊ असल्यामुळे मोह होतो, पण तिच्यात मीठ असते. भिंत सुकताना ते मीठ पृष्ठभागावर येऊन स्फटिक धरते, लोणा लागतो आणि त्यासोबत चुन्याचा थरही सुटून येतो. समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूचे तेच. माती उंचावरच्या भाटातून (बागायतीतून), वरचा फूटभर कुजट थर बाजूला काढून घ्यावी.