‘सुगम’ कुणासाठी?

एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांच्या मंडळाने एका ज्येष्ठ भावगीत गायकांचा कार्यक्रम ठरवला आहे. निमंत्रणपत्रिकेच्या मसुद्यात ‘सुगम संगीताची लाइव्ह कॉन्सर्ट’ असं लिहिलं, आणि बैठकीत वाद सुरू झाला. एक सभासद म्हणाले, ‘सुगम म्हणजे सोपं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या कलावंताला सोपं गाणारा म्हणणं बरं दिसत नाही.’ दुसऱ्यांना ‘लाइव्ह’ खटकला. तिसऱ्यांनी ‘मैफिल’ सुचवलं, तर ते मैफिल की मैफल, यावर गाडी अडली. पत्रिका छापायला जायची आहे, तेव्हा काय लिहावं?

आधी पहिल्या सभासदांच्या शंकेबद्दल. त्यांच्या मनात गायकाविषयी आदर आहे, म्हणूनच ती शंका आली. पण ‘सुगम’ या शब्दाकडे नीट पाहिलं तर त्यांची काळजी मिटेल, असं मला वाटतं.

‘गम्’ म्हणजे जाणे. त्याला ‘सु’ लागला की जिथे सहज जाता येतं, पोचता येतं ते सुगम. ‘दुर्’ लागला की दुर्गम. आपल्या गडांना ‘दुर्ग’ म्हणतात तेही याच धातूवरून, कारण तिथे जाणं कठीण. म्हणजे हा शब्द मुळात वाटेविषयी बोलतो आणि त्या वाटेने जाणाऱ्याच्या बाजूने बोलतो. घाटातला रस्ता सुगम आहे असं आपण म्हणतो, तेव्हा तो चालणाऱ्याला सुगम असतो. ज्यांनी कातळ फोडून तो केला, त्यांचे कष्ट त्या शब्दात मोजलेले नसतात. केंद्र सरकारने २०१५मध्ये अपंग व्यक्तींसाठी इमारती, रेल्वेस्थानकं, संकेतस्थळं वापरण्याजोगी व्हावीत म्हणून मोहीम सुरू केली, तिचं नाव ‘सुगम्य भारत’. तिथेही अर्थ हाच आहे. पायऱ्यांशेजारी उतार बांधायचा, तो चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्याला आत पोचता यावं म्हणून.

संगीतातही तसंच. राग, ताल, घराणं यांची काही माहिती नसलेला माणूस ज्या गाण्यापर्यंत थेट पोचतो, ते सुगम संगीत. यात सोय ऐकणाऱ्याची आहे. गाणाऱ्याला ते किती अवघड जातं, याबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही.

याचा फार सुंदर पुरावा मला तुलसीदासांत सापडतो. रामचरितमानसाच्या अयोध्याकांडात भरताच्या बोलण्याचं वर्णन येतं: ‘सुगम अगम मृदु मंजु कठोरे। अरथु अमित अति आखर थोरे॥’ भरताचं बोलणं सुगम आहे आणि अगमही, म्हणजे सहज पोचता न येणारंही आहे. अक्षरं थोडी, अर्थ अमाप. सुगम आणि अगम हे दोन शब्द कवीने शेजारी शेजारी बसवले, आणि तरी त्यांचं भांडण होत नाही. चांगल्या भावगीताचं वर्णन करायला मला याहून नेमकी ओळ मिळालेली नाही.

हा शब्द संगीतात रुजवला तो आकाशवाणीने. १९५२मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. रेडिओवर चित्रपटगीतं नकोत, अशी त्यांची भूमिका होती. मग ती जागा भरायला ठिकठिकाणच्या केंद्रांवर कवी, संगीतकार, वादक यांना घेऊन नवी गाणी तयार करवण्यात आली. शास्त्रीय नाही, लोकसंगीत नाही आणि चित्रपटातलंही नाही, अशा या गाण्याला इंग्रजीत ‘लाइट म्युझिक’ म्हणत. आता ‘लाइट’चं मराठी काय करणार? ‘हलकं’ म्हणावं तर आपल्याकडे हलकं म्हणजे कमअस्सल: हलक्या प्रतीचा माल, हलक्या कानाचा माणूस. ‘सुगम’ने ती अडचण दूर केली. तुमच्या सभासदांना ज्या कमीपणाची भीती वाटते, तो टाळणारा शब्दच इथे वापरात आला.

शेजारच्या भाषांत काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. गुजरातीत आणि हिंदीत ‘सुगम संगीत’च आहे. कन्नडमध्ये ‘सुगम संगीत’ही आहे आणि ‘भावगीते’ही, म्हणजे आपल्या दोन्ही शब्दांची जोडी तिथे जशीच्या तशी. तेलुगू आणि मल्याळममध्ये मात्र ‘ललित संगीत’ म्हणतात, आणि तमिळमध्ये ‘मेल्लिसै’, म्हणजे मृदू संगीत. बंगालीत ‘आधुनिक गान’. एकाच रेडिओची केंद्रं, पण कुणाला त्या गाण्यात लालित्य दिसलं, कुणाला मार्दव, कुणाला नवेपण. आपल्याला दिसली ती वाट. मला आपला शब्द जास्त आवडतो, कारण त्यात ऐकणारा माणूस आहे.

भावगीत आणि सुगम संगीत हे एकमेकांचे पर्याय आहेत का, असंही पुढे विचारलं जाईल, म्हणून थोडक्यात. भावगीत हा गीताचा प्रकार. ना. घ. देशपांडे यांची कविता जी. एन. जोशींनी १९३०च्या दशकाच्या आरंभी तबकडीवर गायली, तिथपासून मराठीत तो घराघरात गेला. सुगम संगीत ही मोठी छत्री, तिच्याखाली भावगीत, भक्तिगीत, गझल असं सगळं येतं. तुमचे गायक प्रामुख्याने भावगीतं गाणार असतील तर ‘भावगीत’ हा शब्द अधिक नेमका.

आता ‘सोपं गाणारा’ याबद्दल. यशवंत देवांनी या गायनाला ‘शब्दप्रधान गायकी’ म्हटलं आणि त्याच नावाचं पुस्तक लिहिलं. शब्द प्रधान ठेवणं म्हणजे काय, याचं एक छोटं उदाहरण देतो. ‘चंद्र’मधला च तालव्य आहे, म्हणजे जीभ टाळूला लावून म्हणायचा, आणि ‘चांदणं’मधला च दंततालव्य, म्हणजे जीभ दातांजवळ नेऊन म्हणायचा. लिहिताना अक्षर एक, म्हणताना दोन. एकाच कडव्यात चंद्रही आहे आणि चांदणंही आहे, वर लय संथ, प्रत्येक अक्षर सुरात ताणलेलं, अशा वेळी गायकाला दोन्ही च वेगळे ठेवायचे असतात आणि त्यातला एकही टोचू द्यायचा नसतो. तान घेऊन निसटता येत नाही. श्रीनिवास खळ्यांच्या चाली आठवा. ऐकताना वाटतं हे आपल्यालाही गुणगुणता येईल, आणि दुसऱ्याच ओळीवर श्वास कुठे घ्यायचा ते कळत नाही.

वय झालेल्या गायकाला तर हे सगळं उतरलेल्या पट्टीत करायचं असतं. आपल्याकडे गायकाची पट्टी पेटीच्या पट्ट्यांवरून सांगतात: काळी एक, काळी दोन, पांढरी चार. तरुणपणी जे गाणं काळी दोनमध्ये ध्वनिमुद्रित झालं, ते सत्तरीनंतर पांढरी दोन किंवा काळी एकमध्ये गावं लागतं. वरच्या सुरापर्यंत पोचायला त्याने मदत होते, पण मुखडा, म्हणजे गाण्याची सुरुवातीची ओळ, खर्जाकडे, खालच्या सुरांकडे सरकतो आणि तिथे आवाजाला वजन लागतं. मी लहान असताना गणेशोत्सवात एका वयस्कर गायकांना ऐकलं होतं. अंतऱ्यातल्या वरच्या सुरावर ते क्षणभर थांबले आणि तो सूर ओरडून न लावता त्यांनी शब्द जवळजवळ बोलल्यासारखा ठेवला. तबकडीवर ते गाणं मी अनेकदा ऐकलं होतं, पण त्या ओळीचा अर्थ मला त्या रात्री कळला. सुगम म्हणतात ते हेच, असं मला आजही वाटतं.

इथे अरुण दाते यांचं उदाहरण देणं भाग आहे. ते १९३४मध्ये इंदूरला जन्मले, रामूभैया दात्यांसारख्या रसिकाच्या घरी. १९५५पासून रेडिओवर गाऊ लागले. मंगेश पाडगावकरांचे शब्द आणि खळ्यांची चाल असलेलं ‘शुक्रतारा’ त्यांनी सुधा मल्होत्रांबरोबर गायलं, आणि पुढे त्याच नावाने त्यांनी जो मंचीय कार्यक्रम केला त्याचे अडीच हजारांहून अधिक प्रयोग झाले. २०१८मध्ये ते गेले. एवढे प्रयोग होतात, याचा अर्थ तेच गाणं ऐकायला माणसं पुन्हा पुन्हा येतात, पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी मोठी होऊन येतात, आणि गायकही तेवढाच मोठा झालेला असतो.

वरच्या वाक्यांत मी ‘प्रयोग’ शब्द वापरला, आणि तुमच्या ‘लाइव्ह’चं उत्तर मला त्यातच दिसतं.

‘लाइव्ह’ला जुना मराठी प्रतिशब्द सापडत नाही, याचं कारण साधं आहे. ध्वनिमुद्रण येण्याआधी सगळंच गाणं समोर बसून ऐकायचं होतं. वेगळं सांगायची गरज नव्हती. १९३१–३२ साली बोलपट आले आणि मगच आधीच्या चित्रपटांना ‘मूकपट’ म्हणावं लागलं, तसंच हे. तबकडी आली तेव्हा तबकडीला नवं नाव मिळालं, पण समोरच्या गाण्याला आपण ‘गाणं’च म्हणत राहिलो. अजूनही ‘आज त्यांचं गाणं आहे’ एवढं म्हटलं की कळतं. ‘थेट’ हा शब्द प्रक्षेपणाला बरोबर आहे: सामन्याचं थेट प्रक्षेपण. पण ‘थेट मैफल’ कानाला विचित्र लागतं, कारण मैफल आणि ऐकणारा यांच्यामध्ये कुणी नसतंच. ‘जिवंत गाणं’ म्हटलं तर तो गुणगौरव होतो. ध्वनिमुद्रित गाणंही जिवंत असू शकतं.

‘प्रयोग’ मात्र आपला आहे आणि जुना आहे. कालिदासाच्या शाकुंतलात सूत्रधार म्हणतो की विद्वानांचं समाधान झाल्याशिवाय मी माझं ‘प्रयोगविज्ञान’ चांगलं मानत नाही. संहिता लिहिलेली असते, प्रयोग घडतो. संहिता एक, प्रयोग अनेक, आणि प्रत्येक वेगळा. गीतरामायणाचं पाहा ना. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं. गदिमांची छप्पन्न गीतं वर्षभर वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली. नंतर सुधीर फडके, म्हणजे बाबूजी, ती सगळी एकटे मंचावर गाऊ लागले, आणि उतारवयापर्यंत गात राहिले. त्या कार्यक्रमांना लोक ‘गीतरामायणाचे प्रयोग’च म्हणत. नाटकाचा शब्द गाण्याने घेतला, कारण रेडिओवरचं गीतरामायण आणि बाबूजींनी समोर बसून गायलेलं गीतरामायण यांतला फरक सांगायला तोच शब्द हाताशी होता. ठरलेलं नाव असलेला, पुन्हा पुन्हा होणारा कार्यक्रम असेल तर ‘प्रयोग’ बेलाशक लिहा. तुमचा कार्यक्रम एकदाच होणारा आहे, म्हणून तिथे मैफल बरी.

मैफलीचं मूळ अरबी, ‘जमणे’ या अर्थाच्या धातूचं. अरबीत आजही संगीताच्या कार्यक्रमाला त्याच धातूवरून ‘हफ्ला’ म्हणतात. ‘जलसा’ आणि ‘बैठक’ हे दोन्ही शब्द बसण्यावरून आले, मैफल जमण्यावरून, आणि मराठीत मैफल ‘जमली’ असंच आपण म्हणतो, हा योग मला फार गोड वाटतो. महफिलचा मैफल होताना दोन गोष्टी घडल्या. ‘मह’चा ‘मै’ झाला, जसा पहलवानचा पैलवान झाला. आणि मधली ऱ्हस्व इ गळाली, जशी हाजिरची हजर, खातिरची खातर, मंजिलची मजल होताना गळाली. म्हणून ‘मैफल’ हे रूप मराठी वळणाचं, निर्दोष. ‘मैफील’ही चालतं, पण मग फी दीर्घ हवा, वकील आणि गरीब यांच्यासारखा. ‘मैफिल’ लिहिण्याची सवय लागली ती ‘मैफिलीत’, ‘मैफिली’ या रूपांमुळे. गरीब दीर्घ पण गरिबाला ऱ्हस्व, तसं मैफील दीर्घ आणि मैफिलीत ऱ्हस्व. त्या रूपावरून उलटं मागे येऊन लोक मूळ शब्दही ऱ्हस्व लिहू लागले. तुम्ही ‘मैफल’ आणि ‘मैफलीत’ लिहा, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

‘ज्येष्ठ’ आहे तसा ठेवा. हिंदीच्या प्रभावाने कुणी ‘वरिष्ठ गायक’ सुचवलं तर नको म्हणा. मराठीत वरिष्ठ म्हणजे कचेरीतला वरचा अधिकारी. आपापसात बोलताना ‘मुरलेला गायक’ म्हणतो, त्यात लोणच्यासारखा काळाचा गुण येतो, पण पत्रिकेत ते शोभणार नाही.

तर पत्रिकेत लिहा: ‘ज्येष्ठ गायक’, मग त्यांचं नाव, आणि खाली ‘यांच्या भावगीतांची मैफल’. ‘लाइव्ह’ गाळा. आजकाल तो शब्द लिहावासा वाटतो तो बहुधा एवढं सांगायला, की तयार ट्रॅकवर गाणार नाहीत, वादक समोर बसून वाजवणार आहेत. ते सांगायला आपल्याकडे ‘साथसंगत’ आहे. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, बासरी असेल तर कोण, निवेदन कुणाचं, ही सगळी नावं गायकाच्या नावाखाली छापा, आणि चष्मा न लावता वाचता येतील एवढ्या ठशात छापा.