ड्रंक अँड ड्राइव्हचा खटला आणि कॅनडाचं वर्क परमिट

प्रश्न: मी चिंचवडला वेल्डिंग सुपरवायझर आहे. कॅनडात अल्बर्टामधल्या एका कंपनीने नोकरी देऊ केली आहे, एलएमआयएही (परदेशी कामगार नेमायला तिथल्या सरकारची मंजुरी) आला आहे. मागच्या महिन्यात मित्राच्या हळदीहून परतताना नाकाबंदीत अडवलं, मशीनवर ६४ आकडा आला. लायसन्स जमा झालं, आता शिवाजीनगर कोर्टात तारीख आहे. एजंट म्हणतो, ‘दहा हजार भरून टाका, विषय मिटला. फॉर्मवर नो लिहू.’ तसं केलं तर चालेल का?

उत्तर: अजिबात नाही. तारखेच्या आधी विचारलंत हे फार बरं झालं.

सिग्नल तोडल्याचा दंड वेगळा आणि हा वेगळा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ चं प्रकरण पोलिसांना जागेवर दंड घेऊन मिटवता येत नाही, म्हणूनच तुम्हाला कोर्टात बोलावलंय. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बहुतेकांचं दंडावर भागतं आणि मग लोक त्याला चलान समजतात. पण ‘गुन्हा कबूल’ म्हणून दंड भरलात की रेकॉर्डवर तुम्ही दोषी ठरलात. पावती जपून ठेवली तरी ती दोषी ठरल्याचीच पावती.

कॅनडाचा अधिकारी इथे दंड किती झाला हे बघत नाही. तेच कृत्य कॅनडात केलं असतं तर जास्तीत जास्त किती शिक्षा झाली असती, हे तो बघतो. दारू पिऊन गाडी चालवण्याला तिथे १८ डिसेंबर २०१८ पासून दहा वर्षांपर्यंत कैद आहे. त्यामुळे हा प्रकार ‘गंभीर गुन्हेगारी’त मोडतो आणि प्रवेशच नाकारला जाऊ शकतो. पुनर्वसनाचा, म्हणजे जुन्या गुन्ह्याची आडकाठी दूर करण्याचा, अर्ज करता येतो, पण शिक्षा पूर्ण झाल्यावर पाच वर्षांनी. कोर्टाने गाडी चालवायला बंदी घातली असेल तर ती बंदी संपल्यापासून पाच वर्षं. त्याआधी जायचं तर तात्पुरता निवास परवाना मागावा लागतो आणि तो देणं न देणं पूर्णपणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं.

आता तुमचा ६४ हा आकडा. आपली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे तुम्ही दुपटीच्याही वर होतात. त्या रात्री तुम्ही स्वतःचा आणि दुसऱ्यांचाही जीव धोक्यात घातलात, हे स्पष्टच सांगतो. पण कॅनडाच्या फौजदारी कायद्यातली मर्यादा ८० आहे. नुसत्या आकड्यावर बघितलं तर जे इथे गुन्हा ठरतं ते तिथे ठरत नाही. तुमची सगळी बाजू या फरकावर उभी राहू शकते.

पण तिथल्या कायद्यात आणखी एक वाट आहे. आकडा ८० च्या खाली असला, तरी दारूमुळे गाडी चालवण्याची क्षमता थोडीशीही कमी झाली असेल तर तो गुन्हाच. म्हणून पोलिसांच्या कागदांत काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचा. ‘तोंडास दारूचा उग्र वास’ एवढंच असेल तर एक गोष्ट. ‘चालताना झोकांड्या खात होता, बोलणे असंबद्ध’ असं असेल तर दुसरी. ही वाक्यं कित्येकदा छापील साच्यातून उतरतात. तुमच्या बाबतीत खोटी असतील तर ती न वाचता ‘कबूल’ म्हणू नका, कारण पुढे तीच इंग्रजीत भाषांतर होऊन अधिकाऱ्यासमोर जातील. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवणं, सोबत लावलंय का तेही बघा. ते असेल तर गुंता बराच वाढतो.

तेव्हा तारखेला एकटे जाऊ नका. वकील द्या, कागदांच्या नकला काढा, मशीनच्या स्लिपची झेरॉक्स आजच करून ठेवा. ती शाई काही महिन्यांत उडते. लढायचं की कबूल करायचं, हे कॅनडाच्या इमिग्रेशन वकिलाचं लेखी मत हातात आल्यावर ठरवा. दोन गुन्ह्यांची तुलना तिथल्या कायद्याने होते, ते काम त्यांचं. त्यासाठी कोर्टाकडून पुढची तारीख मागता येते.

एजंटाचा ‘नो’ मला सगळ्यात घातक वाटतो. वर्क परमिटच्या फॉर्मवर नुसतं ‘शिक्षा झाली का’ असं विचारत नाहीत. गुन्हा केला का, अटक झाली का, आरोप ठेवला गेला का, हे सगळं एकाच प्रश्नात आहे. खटला चालू असतानाही तुमचं उत्तर ‘हो’च. खोटं उघड झालं तर त्या कारणाने पाच वर्षं प्रवेशबंदी लागते, मग ६४ आणि ८० चा मुद्दा कितीही भक्कम असो. शिवाय पीसीसीच्या (पोलिसांच्या चारित्र्य दाखल्याच्या) पडताळणीत खटला समोर येऊ शकतो.

फॉर्म एजंटाने भरला तरी जबाबदारी तुमचीच. त्याच्याकडून भरलेल्या फॉर्मची प्रत आजच मागून घ्या. ‘नो’ लिहून अर्ज गेलाच असेल तर निर्णय येण्याआधी इमिग्रेशन खात्याला लेखी दुरुस्ती कळवा, आणि ती कळवल्याचा पुरावा स्वतःजवळ ठेवा.